सायन्सला सर हवेत म्हणे!

"आक्का, कळलं का? पोरीच्या शाळेत यंदा दहावीच्या सायन्सला बाई दिल्यात, तर पालक उठून हेडसरांकडं गेले. म्हणे बोर्डाचं वर्ष आहे, आम्हाला सर द्या."

भिंतीपलीकडं आक्का कढीपत्ता खुडत होत्या. "पुढं कोण होतं?"

"बायकाच की ओ."

"असणारच. पोरीला सायन्सला कोण आहे ते बाप्यांना कुठं माहीत असतं?"

विश्रामबागेतल्या आमच्या दोन घरांच्या मध्ये कमरेएवढी भिंत आहे. आक्का मूळच्या साताऱ्याच्या. जिल्ह्यातल्या माध्यमिक शाळांत विज्ञान शिकवण्यात त्यांची उमर गेली आणि निवृत्तीनंतर मुलाच्या नोकरीपायी त्या सांगलीत आल्या. भडंगाला नावं ठेवतात आणि वाटी रिकामी करतात. कंदी पेढ्याला मात्र कुणी बोट लावलेलं खपत नाही. शाळेचा विषय निघाला की त्यांची भाजी निवडायची राहते, आणि माझी तर गॅसवर लागतेच.

"पण खरं सांगा आक्का, सर वेगळं शिकवतात की नाही? आमच्या तासगावला फिजिक्सचे सर असे गरजायचे, की मागच्या बाकापर्यंत धाक. बाई आपल्या हळू, 'कळलं का गं' करत."

"आणि तुम्हाला फिजिक्स कळलं?"

"छे!"

"मग गरजण्याचा फायदा काय झाला?" आक्का हसल्या. "मी दोन्ही बघितलंय. कराडकडच्या शाळेत आमचे एक सर होते. पोरानं चुकीचं उत्तर द्यायला सुरुवात केली तरी शेवटपर्यंत बोलू द्यायचे. मग म्हणायचे, 'बरं, असं धरलं तर पुढं काय होईल?' पोरगं आपलं आपणच सुधारायचं. आणि आमच्यातल्याच एक बाई अशा, की त्यांच्या तासाला पोरं श्वास मोजून घ्यायची. पद्धत साडी-पँटवर नसते, वहिनी. आपल्याला जसं शिकवलं तसं माणूस पुढं शिकवतं. आणि आपल्याकडं बहुतेकांना विज्ञान शिकवलं ते व्याख्या घोकून घेऊन."

"तरी लोकांना भरवसा सरांचाच."

"त्याला जुनी परंपरा आहे. १८४८ साली पुण्यात सावित्रीबाई शिकवायला निघाल्या तेव्हा लोकांनी शेण फेकलं. आता शेण फेकत नाहीत, अर्ज देतात. आणि सावित्रीबाई कुठल्या? खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या. सातारा जिल्हा!"

सातारा जिल्हा आला की समजायचं, आता आक्का लवकर आत जात नाहीत. मीही पदर खोचून भिंतीला टेकले.

"तुम्हाला दुर्गाबाई भागवत माहीत आहेत. त्यांची धाकटी बहीण कमला माहीत आहे?"

"कमला सोहोनी त्याच ना? नाव ऐकलंय."

"त्याच. मुंबई विद्यापीठात बी.एस्सी.ला पहिल्या आल्या. १९३३ साली बंगळूरला टाटांच्या विज्ञान संस्थेत अर्ज केला. तिथं संचालक कोण? सी. व्ही. रामन. नोबेलवाले. अर्ज परत! मुलगी म्हणून. ही बाई रडत घरी बसली नाही. थेट बंगळूर गाठलं आणि विचारलं, का नाही म्हणून. शेवटी रामननी घेतलं, पण अट घालून. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी धरायचं नाही, काम बघून मग ठरवायचं. वर्षभरानं काम पटलं आणि मग तिथं मुलींना दार उघडलं. १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. घेतली त्यांनी. विज्ञानात ती पदवी मिळवणारी पहिली भारतीय स्त्री."

"नोबेलवाल्याला कळलं नाही, मग आमच्या गल्लीचं काय घेऊन बसलात!"

"म्हणूनच म्हणते, हुशारीचा आणि या समजुतीचा काही संबंध नाही."

एवढ्यात आमचे हे गाडी पुसता पुसता मध्ये पडले. "पण आक्का, मुलींचा कल नसतोच ना तिकडं. त्यांना करंटची वगैरे भीती वाटते."

"हो का, भाऊ? मग तुमच्या घरात गिझर, मिक्सर, इस्त्री, पाण्याची मोटर कोण चालू करतं?"

ह्यांनी गाडीचा आरसा पुसायला घेतला.

"कल नसतो म्हणे," आक्कांना आता जोर चढला. "आमच्या वेळी अकरावीची मॅट्रिक. बीजगणित-भूमितीच्या जागी नुसतं अंकगणित घेता यायचं आणि फिजिक्स-केमिस्ट्रीच्या जागी शरीरशास्त्र-आरोग्यशास्त्र. माझ्या वर्गातल्या पोरींना ते घ्यायला कुणी सांगितलं? घरानंही आणि शाळेनंही. पुढं १९७५ पासून दहावीचा नवा आराखडा आला आणि सगळ्यांना सगळं आलं. कागदावर. आता वर्गात काय चालतं ते सांगू? तुमच्या लेकीचा रोल नंबर किती?"

"त्रेचाळीस."

"का? आडनाव तर 'अ'वरनं आहे तुमचं."

मी गप्प. हा विचार मी कधी केलाच नव्हता.

"कारण कितीतरी शाळांत हजेरीला आधी मुलगे, मग मुली. प्रॅक्टिकलच्या तुकड्या पाडतात त्या रोल नंबरानं. म्हणजे पहिल्या तुकड्या कुणाच्या? मुलांच्या. चालू अमीटर, न फुटलेलं चंचुपात्र, भरलेला स्पिरिटचा दिवा त्यांच्या वाट्याला. मुलींची पाळी येईस्तोवर तास संपत आलेला, सेलची शक्ती गेलेली. मग बाई म्हणा, सर म्हणा, सांगतात, 'त्यांची निरीक्षणं उतरवून घ्या.' आणि मिश्र गट असेल तर? मुलगा वायर जोडणार, मुलगी जर्नल लिहिणार. 'तुझं अक्षर चांगलं आहे, तू लिही.' मी किती शाळांत ऐकलंय हे! सर बोलले, बाईही बोलल्या. कौतुक म्हणूनच बोलले. आणि शेवटी परीक्षानळ्या धुवायच्या कुणी? सांगा."

"मुलींनी."

"मग दहावीला पोरगी वीस पैकी वीस मार्क प्रॅक्टिकलचे घेऊन येते आणि तिनं एकदाही स्वतः स्क्रू पिळलेला नसतो. अकरावीला गेली की म्हणायचं, हिला बायोची आवड आहे, मॅथ्स नको. ही आवड आहे का सवय?"

मला आमच्या घरातली फ्यूज बदलायची जबाबदारी कुणाची, ते आठवलं. सहावीतल्या मुलाची. दहावीतली मुलगी टॉर्च धरते.

"बरं, ते उपकरणांचं झालं," मी म्हटलं. "पण शिकवण्यात काय फरक? तास तर सगळ्यांना एकच."

"एक कसा? मेरी बड रो म्हणून अमेरिकेत एक बाई होऊन गेल्या. १९७०च्या सुमारास त्यांनी विज्ञानाच्या तासांच्या टेपा ऐकल्या. शिक्षक प्रश्न विचारतो आणि उत्तरासाठी किती थांबतो? साधारण एक सेकंद! मग पुढच्याला विचारतो, नाहीतर स्वतःच उत्तर देऊन मोकळा. उकळी यायच्या आत चहा गाळल्यासारखं आहे हे. त्या बाईंनी शिक्षकांना तीन सेकंद थांबायला शिकवलं. एवढंच. तर पोरांची उत्तरं लांबली, 'माहीत नाही' कमी झालं, आणि एरवी गप्प बसणारी पोरं बोलायला लागली."

"तीन सेकंदांत?"

"वर्गात उभं राहून बघा, तीन सेकंद किती मोठे वाटतात ते. आता विचार करा, एका सेकंदात कोण बोलतं? ज्याला हात वर न करता ओरडायची सवय आहे तो. चूक झाली तर घरी कुणी टोकत नाही तो. डेव्हिड आणि मायरा सॅडकर म्हणून नवरा-बायको होते, त्यांनी अमेरिकेतल्या वर्गांत बसून बघितलं आणि १९९४ साली पुस्तक लिहिलं. मुलगा मधूनच ओरडला तर शिक्षक उत्तर ऐकून घेतो, मुलगी ओरडली तर म्हणतो, आधी हात वर कर. आपल्याकडं वेगळं आहे का? 'मुलीच्या जातीला शोभतं का?' हे वाक्य तर सायन्सच्या तासालाही चालतं."

"म्हणजे घाई करणारा शिक्षक मुलींना मागं टाकतो, मग तो सर असो का बाई."

"आता कसं बोललात! आणि मागं मुलीच राहतात असं नाही. वस्तीवरनं येणारा, बुजरा, तोतरा मुलगाही राहतो. थांबणारा मास्तर त्या सगळ्यांचा असतो."

मग मी ठेवणीतला मुद्दा काढला. "असं असेल तर बाई आल्या काय आणि सर आले काय, सारखंच. मग तुम्ही बाईंची बाजू का घेताय?"

आक्कांनी पहिल्यांदा कढीपत्ता खाली ठेवला. "सारखं नाही. पोरींनी बाईला बॅटरी जोडताना बघणं वेगळंच. १९८३ साली चेंबर्स नावाच्या माणसानं जवळजवळ पाच हजार पोरांना 'शास्त्रज्ञाचं चित्र काढा' म्हणून सांगितलेल्याचा हिशेब छापला. ४८०७ चित्रं. त्यात बाई शास्त्रज्ञ किती? २८. आणि ती सगळी मुलींनी काढलेली. एकाही मुलानं बाई काढली नव्हती. अलीकडं तिकडं हा आकडा चांगला वाढलाय म्हणतात, कारण पोरांना समोर बाया दिसायला लागल्या. आपल्याकडं मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातही पोरांच्या मनातल्या शास्त्रज्ञावर आणि पुस्तकांतल्या बाई-माणसांच्या चित्रांवर काम झालंय."

"पुस्तकांवरनं आठवलं. आमच्या धाकट्याच्या दुसरीच्या पुस्तकात बाबा भाजी निवडताना दाखवले होते. सासूबाईंना छापण्यात चूक झाली वाटलं."

"ते २०१९ चं बालभारतीचं पुस्तक. आई आणि बाबा दोघं मिळून भाजी निवडतात, बाई डॉक्टर, बाई वाहतूक पोलीस. केवढी चर्चा झाली त्याची! एवढ्याशा चित्राची चर्चा होते म्हणजे बघा, आधीची पुस्तकं कशी असतील."

"मग बाई शास्त्राला असलीच पाहिजे."

"असलीच पाहिजे, पण नुसती बाई असून भागत नाही. २०१० साली शिकागोकडच्या संशोधकांनी पहिली-दुसरीच्या १७ शिक्षिकांचे वर्ग तपासले. ज्या बाईंना स्वतःलाच गणिताची धास्ती, त्यांच्या वर्गातल्या मुली वर्षाअखेर मानायला लागल्या की गणित मुलांचं आणि वाचन मुलींचं. त्या मुलींचे मार्कही पडले. मुलांना काही झालं नाही. पोरी बाईकडं बघतात, वहिनी. बाईची हिंमत घेतात तशी भीतीही घेतात. 'मला पण इलेक्ट्रिसिटीचा धडा आवडत नाही गं' असं हसत म्हणणारी बाई दरडावणाऱ्या सरांइतकीच महागात पडते."

आता ह्यांनी गाडी सोडली आणि भिंतीशी येऊन उभे राहिले. म्हणाले, "आक्का, एक मात्र आहे. काही धडे बाईंना अवघड जातात. आणि काही सरांना. तो दहावीच्या सायन्सच्या भाग दोनमधला जीवनप्रक्रियांचा धडा..."

"प्रजननाचा म्हणा की सरळ!" आक्का म्हणाल्या. हे लाल. "बघा, पन्नाशीच्या माणसाला भिंतीपाशी शब्द उच्चारता येत नाही, वर्गातल्या माणसाला कसा येणार? सर म्हणतात, घरी वाचून या. नाहीतर मुलींना दुसऱ्या वर्गात नेऊन बाईंनी शिकवायचं. म्हणजे मुलांना पाळीबद्दल कळतच नाही. मग तीच मुलं पुढं नवरे होतात, आणि चार दिवस बाईला कोपऱ्यात बसवणाऱ्या घरात गप्प बसतात. हा धडा मिश्र वर्गात, फळ्यावर आकृती काढून, पचनसंस्था शिकवतो त्याच आवाजात शिकवता येतो. मी शिकवलाय. दोन मिनिटं खुसखुस होते, तिसऱ्या मिनिटाला पोरं प्रश्न विचारतात."

"मुलगे पण?"

"मुलगेच जास्त. त्यांना विचारायला दुसरं कोण असतं?"

हे चहा टाकतो म्हणून आत गेले. आमच्या घरातली ही घटना गल्लीत सांगण्यासारखी आहे. पण आक्कांचं लक्ष नव्हतं. त्यांनी माझ्या पदराकडं बोट केलं. "हा डाग हळदीचा ना? साबण लावलात तर काय होईल?"

"लाल होतो."

"का?"

"का म्हणजे? होतोच."

"साबण आम्लारिधर्मी. हळद आम्लात पिवळी राहते, आम्लारीत लाल होते. सांगलीच्या बाजारात पोत्यांनी हळद पडलेली असते आणि इथली पोरं दर्शक म्हणून लिटमस कागदाची वाट बघत बसतात. तुमच्या तासगावचे बेदाणे पाण्यात टाका, फुगतात. मग तेच फुगलेले साखरेच्या घट्ट पाकात टाका, आकसतात. परासरण झालं! आमच्या महाबळेश्वरला पाणी शंभर अंशांच्या चार-पाच अंश आधीच उकळतं, म्हणून कुकरशिवाय डाळ शिजता शिजत नाही. अडकित्ता म्हणजे दुसऱ्या प्रकारची तरफ, भाकरी उलटायचा चिमटा तिसऱ्या प्रकारची."

"म्हणजे मुलींना स्वयंपाकघरातनं विज्ञान शिकवायचं. हे बरं आहे."

"नाही!" आक्कांनी भिंतीवर हात आपटला. "इथंच सगळे घसरतात. मुलींना चुलीची उदाहरणं आणि मुलांना ट्रॅक्टरची, असं केलं की मुली परत चुलीपाशीच. कुकरचं उदाहरण मुलांना सांगायला लावायचं आणि विहिरीवरच्या मोटरची अश्वशक्ती मुलींना काढायला लावायची. घरात काय घडतं ते दोघांनाही माहीत पाहिजे, आणि घराबाहेरचंही."

"मुलांना आवडेल ते?"

"आवडायला काय झालं? नवं काही आलं की आधी शंका, मग सवय. साताऱ्याच्या सैनिक शाळेचं बघा. १९६१ साली सुरू झाली, देशातली पहिली सैनिक शाळा. साठ वर्षं फक्त मुलगे. २०२१ पासून मुली आल्या. तेव्हाही लोक म्हणाले असतील, कसं होणार, काय होणार. अजिंक्यतारा किल्ला काही हलला नाही."

मला हसू आलं. पण आक्का लगेच गंभीर झाल्या.

"हलवायला अवघड जातं ते नावातच असतं, वहिनी. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये साताऱ्याला जिल्हा परिषदेनं समारंभ करून २८५ मुलींची नावं बदलली. आधीचं नाव काय होतं? नकुशी. मुलगा पाहिजे होता म्हणून नकोशी. आता सांगा, शाळेत रोज हजेरीला बाई पुकारणार, 'नकुशी', आणि पोरगी म्हणणार, 'हजर'. त्याच पोरीला पुढच्या तासाला म्हणायचं, ऊठ, न्यूटनचा दुसरा नियम सांग. तिनं एका सेकंदात सांगावा अशी अपेक्षा! त्या पोरीसाठी शिक्षकानं तीन नाही, तीस सेकंद थांबायला पाहिजे."

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग मीच विषय वळवला. "आता सरकार करतंय की. इंजिनिअरिंगला मुलींना ३० टक्के जागा आहेत. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फीसुद्धा माफ."

"फार चांगलं केलं. पण ती सवलत बारावीनंतरची. मुलगी मॅथ्स सोडते दहावीनंतर, आणि तिच्या मनातनं ते सुटतं आठवीत, प्रॅक्टिकलच्या टेबलापाशी मागच्या ओळीत उभी असताना. फीची पावती तिथवर पोहोचत नाही. तिथं फक्त शिक्षक पोहोचतो."

"मग मी काय करू? शनिवारी पालकसभा आहे. या बायका परत 'सर द्या' म्हणणार."

आक्कांनी बोटांवर मोजत सांगायला सुरुवात केली. "बाई की सर, हे तुम्ही बोलूच नका. विचारा, प्रॅक्टिकलच्या तुकड्या कशा पाडता? दर वेळी उलट्या क्रमानं पाडा म्हणावं, त्याला खर्च येत नाही. विचारा, गटात जर्नल कोण लिहितं आणि जोडणी कोण करतं? आळीपाळीनं करा. विचारा, तो प्रजननाचा धडा वर्गात होणार की घरी? आणि घरी लेकीला विचारा, आज सायन्सच्या तासाला तू काय हातात घेतलंस? मार्क नका विचारू."

"आणि फ्यूज?"

"फ्यूज तिला बदलू द्या. मेन स्विच बंद करून. टॉर्च धाकट्याला धरू दे."

आतून ह्यांचा आवाज आला. साखर कुठं आहे म्हणून. मी तोंड उघडणार, तोच आक्कांनी हात केला. "थांबा. तीन सेकंद."

मी थांबले. आत एक डबा उघडला, झाकण पडलं, दुसरा उघडला. "सापडली!"

"हेच शनिवारी हेडसरांना करा," आक्का म्हणाल्या. "प्रश्न विचारा आणि गप्प बसा. तुमची खोड आहे, वहिनी, विचारता तुम्ही आणि समोरच्याच्या वतीनं उत्तरही तुम्हीच देता. 'वेळच नसतो ना सर तुम्हाला' असं म्हणून त्यांची सुटका करू नका. त्यांना बोलू दे. आणि त्या नव्या बाईंना एकदा चहाला बोलवा. अर्ज गेल्यापासून त्यांच्याशी शाळेत कुणी नीट बोललं असेल असं मला वाटत नाही."

"बोलवते की. रविवारी?"

"रविवारी बोलवा. पेढे माझे. भडंग तुमचा, आणि कांदा बारीक चिरा, मागच्या वेळी मोठा होता."